सारंगखेड्याची यात्रा, घोडेबाजार आणि तापीकाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गशीर्ष जवळ आला की फोनवर हेच प्रश्न सुरू होतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे, नाशिकचे फोटोवाले, घरात पहिल्यांदाच घोडी घ्यायला निघालेले भाऊ, सगळे तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. घोडा घ्यायचाच असेल त्यांनी निम्मं पान सोडून थेट "खरंच घोडा घ्यायचा आहे" या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

सारंगखेडा नेमकं कुठे आहे?

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. दोंडाईचाहून शहाद्याकडे निघालात की तापीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की सारंगखेडा. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "धुळे जिल्हा" येतं, कारण नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. जुना पत्ता सापडला तर गोंधळू नका, गाव तेच.

यात्रा कधी असते? दरवर्षी तारीख वेगळी का सांगतात?

दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. तिथी ठरलेली आहे, इंग्रजी तारीख सरकते. 2023 ला दत्तजयंती 26 डिसेंबरला आली, 2024 ला 14 डिसेंबरला, 2025 ला 4 डिसेंबरला. दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना पडला की पुन्हा पुढे ढकलली जाते. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या वर्षी दत्तजयंती परत पुढे, 23 डिसेंबरला. सुटीचा अर्ज टाकण्याआधी कालनिर्णय उघडा, गेल्या वर्षीचा मेसेज नको.

यात्रा आणि चेतक महोत्सव एकच का?

जागा एक, वेळ एक, पण गोष्टी दोन. यात्रा दत्ताची आणि घोडेबाजार त्या यात्रेच्या पोटातला. हा बाजार तीनशे वर्षांहून जुना असल्याचं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. चेतक महोत्सव अलीकडचा. रंगमंच, घोड्यांच्या स्पर्धा, पर्यटकांसाठीचे कार्यक्रम हे त्यात येतात. महोत्सवाचा थाट कधी मोठा, कधी छोटा. तो नसला तरी यात्रा भरते. माझं मत विचाराल तर महोत्सवाची पत्रिका बघून दिवस ठरवू नका, बाजार बघून ठरवा.

किती दिवस चालते? नेमकं कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी यावं?

यात्रा पंधरवडाभर रेंगाळते, पण बाजाराचा जोर दत्तजयंतीच्या आगेमागे असतो. व्यापारी चार-सहा दिवस आधीच घोडे उतरवतात, आणि शेवटच्या आठवड्यात पाळणे आणि भांड्यांची दुकानं भरपूर दिसतील, चांगली जनावरं मात्र गेलेली असतील. दर्शन हवं असेल तर दत्तजयंतीचा दिवस. घोडे नीट बघायचे असतील तर तो दिवस सोडून दुसरा कोणताही. त्या दिवशी माणसांच्या गर्दीत घोड्याचे फक्त कान दिसतात.

वेळ म्हणाल तर सकाळची. उजाडता उजाडता घोड्यांना खरारा होतो, चंदी म्हणजे दाणा मिळतो, मग मालक एकेकाला फिरवायला काढतात. तेव्हा चाल दिसते. दुपारी अकरा-बारानंतर धूळ उठते, माणसंही कंटाळतात आणि जनावरंही. संध्याकाळी पाळणे, खाऊ, लोकनाट्याचे तंबू यांचा वेगळा बाजार जागा होतो. सकाळ घोड्यांना आणि संध्याकाळ यात्रेला द्या. मधल्या वेळेत कुठे जायचं ते प्रकाशाच्या प्रश्नात लिहिलं आहे.

यायचं कसं? रेल्वे आहे का?

गावाला स्टेशन नाही. सुरत-भुसावळ मार्गावरचं दोंडाईचा हे सोयीचं स्टेशन. नंदुरबारला उतरूनही येता येतं, पण ते लांब पडतं. दोंडाईचाहून एसटी आणि काळीपिवळी मिळते, यात्रेच्या दिवसांत जादा गाड्याही असतात. मुंबई-नाशिककडून स्वतःच्या गाडीने येणारे धुळ्यावरून दोंडाईचामार्गे येतात.

एक सूचना मात्र मनापासून. रात्रीची गाडी हाकू नका. डिसेंबरात शहादा भागात ऊसतोड जोरात असते. उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जातात, आणि मागे लाल दिवा असेलच असं नाही. त्यात पहाटे नदीकाठी धुकं. दिवसा निघा, दिवसा पोहोचा.

मुक्कामाची सोय आहे का?

गावात मुक्कामाची आशा धरू नका. यात्रेत जे राहतात ते राहुटीत, ट्रकमध्ये, घोड्याशेजारी गवतावर राहतात. तुम्ही शहादा, दोंडाईचा किंवा नंदुरबारला लॉज बघा आणि आधी फोन करून खोली ठरवा, कारण व्यापाऱ्यांनीही तिथेच खोल्या धरलेल्या असतात. नातेवाईक असतील तर लॉजचा विषयच नको. खानदेशात पाहुणा लॉजवर उतरला हे कळलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. रात्रीची थंडी कमी समजू नका. जानेवारीच्या तोंडाशी आमच्याकडे पारा एक आकडीही होतो. स्वेटर, कानटोपी, दोन्ही हवं.

नदीकाठाने चालायला बांधलेला रस्ता, बाकं, दिवे असं काही आहे का?

मोठ्या शहरांतला फरसबंद नदीकाठ डोळ्यांपुढे ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथला काठ शेताचा आणि बाजाराचा आहे: माती, गवत, उतार, जनावरांच्या पायवाटा. पण चालण्यासारखा नक्कीच आहे. सकाळी ऊन तिरपं असताना पाण्यावर धुकं आणि वर मोकळं आभाळ. बूट असे घाला की धुळीने आणि शेणाने खराब झाले तरी वाईट वाटणार नाही. पुलावर थांबून फोटो काढू नका. पूल वाहता आहे आणि ट्रकवाल्याला तुमची चौकट दिसत नाही.

बांधलेल्या पायऱ्यांवर बसून नदी बघायची असेल तर प्रकाशाला जा.

तापीत अंघोळ करता येईल का? डिसेंबरात पाणी कमीच असेल ना?

इथेच बाहेरची माणसं चुकतात. उन्हाळ्याकडे जाताना नद्या आटतात हे खरं, पण सारंगखेड्याला तापीवर बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा आहे, खाली प्रकाशालाही आहे. पावसाळा संपला की दारं लावून पाणी अडवतात. त्यामुळे डिसेंबरात नदी संथ दिसते आणि खोल असते. वाहताना दिसत नाही म्हणून उथळ समजायचं नाही. काठ गाळाचा, पाय रुततो. हातपाय धुवा, नमस्कार करा, वर या. पोहता येणाऱ्यांसाठीही उत्तर हेच आहे.

ही तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघते आणि 724 किलोमीटर पश्चिमेला वाहून सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. आपल्या वाट्याला मधला तुकडा येतो, आणि केळी, ऊस, पपई हे सगळं त्याच्या जिवावर.

मंदिराचं वैशिष्ट्य काय? एकमुखी दत्त म्हणजे?

आपल्याला सवय तीन तोंडांच्या, सहा हातांच्या मूर्तीची. सारंगखेड्याचा दत्त एकमुखी आहे. महानुभाव पंथात श्रीदत्तात्रेय प्रभू पंचकृष्णांपैकी एक मानले जातात आणि ते एकमुखीच; म्हणून पंथाचे उपदेशी, म्हणजे दीक्षा घेतलेले अनुयायी, दूरदूरहून इथे येतात. बाकीचे लोकही नवस बोलायला आणि फेडायला येतात. रांग लांब असते. घरात वयस्कर कुणी असेल तर दत्तजयंतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणा, दर्शन निवांत होतं.

घोडे बघायला तिकीट लागतं का? फोटो काढले तर चालतं का?

बाजारात फिरायला पैसे लागत नाहीत. फोटोचं मात्र विचारून करा. मालक बहुतेक वेळा हो म्हणतो, उलट घोड्याची मान वर करून उभा राहतो. फ्लॅश नको, ड्रोन तर अजिबात नको. एक घोडा बिथरला की बांधलेली सगळी रांग बिथरते. आणि सौदा चाललेला असेल तिथे कॅमेरा खाली ठेवा. दोन माणसं उपरण्याखाली हात घालून बसलेली दिसतील. बोटं धरून भाव चाललाय, तोंडाने आकडा कुणी उच्चारत नाही. त्यात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या पाकिटात डोकावणं.

लहान मुलांना आणलं तर चालेल का? घोडा लाथ मारतो का?

चालेल, मुलांना हा बाजार आवडतोच. घोड्याच्या मागून जायचं नाही, एवढं त्यांना घरूनच शिकवून आणा. बाजूने, समोरून, आवाज देत जायचं. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बिस्किटं भरवायची नाहीत. शिंगरू गोजिरवाणं दिसतं, पण त्याच्याजवळ उभ्या घोडीइतकं रागीट जनावर बाजारात दुसरं नसतं. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहून ठेवा. गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

आम्हाला घोड्यातलं काही कळत नाही. काय बघायचं?

आधी कान बघा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे असतात. देशात दुसरीकडे असे कान सहसा दिसत नाहीत. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा तो नुकरा, लग्नाच्या वरातीचा लाडका. तांबूस अंग आणि काळी आयाळ असा कुमेद. दोन रंगांच्या मोठ्या ठिपक्यांचा अबलख. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याणी, आणि त्याचा भाव लगेच चढतो.

मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्यावरचा "देवमण" शुभ मानतात, डोळ्याखालचा भोवरा अशुभ. तुमचा विश्वास असो-नसो, भावात फरक पडतो हे मात्र खरं. मला स्वतःला भोवऱ्यांपेक्षा चाल बघायला आवडते. रेवाल चालीचा घोडा जवळून गेला की स्वार जागचा हलत नाही, फक्त पुढे सरकतो. हलगीवर नाचणारे घोडेही दिसतील. त्यांच्याभोवती गर्दी जास्त, पण जाणकार बहुधा दुसरीकडेच उभे असतात.

बातमीत कोटींचा घोडा वाचला. खरंच इतक्याला विकला जातो?

बातमीतला आकडा बहुतेक वेळा मालकाने मागितलेला असतो, किंवा "इतक्याला मागितला पण दिला नाही" असा. असे घोडे विकायला कमी आणि मिरवायला जास्त येतात. त्यात वावगं काही नाही, नामांकित नराची कीर्ती वाढली की त्याच्या पैदाशीला भाव येतो. पण त्या आकड्यावरून बाजाराचा अंदाज बांधू नका. बहुतेक सौदे हजारांत आणि काही लाखांत होतात. वय, उंची, जात, रंग, चाल आणि मालकाची गरज यावर भाव ठरतो. शेवटचं कारण सगळ्यात मोठं: परतीचं भाडं वाचवायचं असेल तर तोच व्यापारी चौथ्या दिवशी नरम येतो.

खरंच घोडा घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?

जाणकार माणूस सोबत आणण्यापासून. तो दलाल नको, तुमचा स्वतःचा हवा. पहिल्या दिवशी पैसे घरी ठेवा आणि फक्त फिरा.

पसंत पडलेला घोडा दोन वेळा बघा, एकदा सकाळी मोकळा असताना आणि एकदा दुपारी दमलेला असताना. तोंड उघडून दात बघायला लावा. पाच वर्षांच्या सुमारास घोड्याचे पुढचे सगळे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात. त्यानंतर वय दातांच्या झिजेवरून सांगतात आणि तिथे थापा सुरू होतात. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवा. लंगडेपणा मऊ मातीत लपतो. चारही खूर उचलून दाखवा म्हणा. उचलू देत नसेल तर घरी नालबंदाशी रोज भांडण आहे. डोळ्यासमोर हात हलवून नजर तपासा. पळवून आणल्यावर श्वास ऐका. स्वार तुमचा बसवा, त्यांचा नको, कारण त्यांच्या पोराखाली कुठलाही घोडा गरीबच वाटतो.

उंची इथे इंचांत सांगतात, खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजून. साठ-बासष्ट म्हणजे चांगली उंची. टेप स्वतःची न्या, आणि घोडा उतारावर तर उभा केला नाही ना, ते बघा.

सौदा ठरल्यावर बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय दावं हातात धरू नका. पावतीवर रंग, खुणा, वय, लिंग, दोघांची नावं स्पष्ट हवीत. "नोंदणीकृत मारवाडी" म्हणून जास्त पैसे मागत असतील तर पासपोर्ट आणि मायक्रोचिप मागा. चिप यंत्राने वाचून पासपोर्टवरचा क्रमांक जुळतो का ते बघा. नुसता तोंडी वंश सांगत असतील तर तेवढेच पैसे द्या जेवढे समोरच्या जनावराचे होतात.

घेतलेला घोडा गावी न्यायला कोणती कागदपत्रं लागतात? ग्लँडर्सची भीती कितपत?

वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो, की जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम तेच सांगतात. दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर तिथल्या पशुसंवर्धन खात्याला आधी विचारा. गाडीत तळाशी वाळू किंवा पेंढा हवा, घोडा घसरता कामा नये. पहिले काही तास मध्ये थांबून पाणी दाखवा.

ग्लँडर्स हलक्यावर घेऊ नका. हा जिवाणूचा रोग आहे, घोडा-गाढव-खेचरांना होतो आणि माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही. रक्ताची तपासणी बाधित आली तर 2009 च्या प्राणीरोग प्रतिबंध कायद्याखाली जनावर मारावं लागतं आणि मालकाला भरपाई मिळते. म्हणून विकणाऱ्याकडे रक्ततपासणीचा ताजा अहवाल मागा. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी, फुटलेले व्रण दिसले तर भाव कितीही उतरला तरी पुढे चला. घरी आधीचा घोडा असेल तर नव्याला काही आठवडे वेगळा बांधा, पाण्याची बादलीही वेगळी.

मुंबईत बग्गी चालवायला इथून घोडा नेता येईल का?

नेता येईल, चालवता येणार नाही. मौजेसाठीच्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या. इतर शहरांत वरातीसाठी घोडी ठेवायची असेल तर तिथल्या महापालिकेचे नियम आधी विचारा.

घोड्यांशिवाय बाजारात काय मिळतं?

खोगीर, लगाम, मोरक्या, घुंगरांच्या माळा, गोंडे. घोडा नसलेली माणसंही घुंगरमाळ घेऊन जातात आणि दाराला बांधतात. शेतीची अवजारं, विळे-कुऱ्हाडी, तवे-कढया, घोंगड्या, बांगड्या. बैलांचाही बाजार भरतो. सातपुड्यातून पावरा-भिल्ल कुटुंबं उतरतात, त्यांच्या अंगावरची चांदी बघत राहावी अशी. ती माणसं वर्षाची खरेदी करायला आलेली असतात, तुमच्या फोटोसाठी नाही. फोटोचा नियम वर सांगितला तोच. त्यांचा स्वतःचा थाट बघायचा असेल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावकडचे भोंगऱ्या बाजार बघा.

खायला काय?

गोडीशेव. गुळाच्या पाकातली जाड शेव, परातीत डोंगर रचलेली. खानदेशातल्या कुठल्याही यात्रेतून घरी परतताना हिचा पुडा नसेल तर यात्रेला गेलात यावर कुणी विश्वास ठेवत नाही. जेवायला शेवभाजी आणि भाकरी. भरताच्या वांग्यांचा हंगाम याच दिवसांत असतो, त्यामुळे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर बाकी काही मागू नका. तिखटाबद्दल "मध्यम" हा शब्द वापरून उपयोग होत नाही. इथलं मध्यम तुमचं जहाल आहे. भाजीवरची तर्री वेगळी ठेवायला सांगा. शहाद्याची पपई उत्तर हिंदुस्थानापर्यंत ट्रकने जाते, ती इथे शेताच्या बांधावर खा.

मधल्या वेळेत किंवा यात्रा नसताना आलो तर काय बघावं?

प्रकाशा. तापीवरच, सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला, गोमाई नदीच्या संगमाजवळ. दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी शिवमंदिरं आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. तीर्थ म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण इथलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड भारतीय पुरातत्त्व खात्याने 1954-55 मध्ये खणलं होतं. बा. के. थापर यांच्या त्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. म्हणजे या काठावर माणूस तीन हजार वर्षांहून जास्त काळ बाजारहाट करतोय. दशक्रिया विधीही इथे चालतात. कॅमेरा घेऊन तिथे जाऊ नका.

हिवाळ्यात नंदुरबारकडे गेलात तर मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे वाळत घातलेली मिरची दिसेल, एकरभर जमीन लालभडक. वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, खोकून जीव जातो. एक जादा दिवस असेल तर सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, तोरणमाळ.

अहिराणी येत नाही. अडेल का?

नाही. मराठी-हिंदी सगळ्यांना कळते, व्यापारी तर गुजराती, मारवाडी, पंजाबी सगळं बोलतात. तरी भावाच्या वेळी "कितलाले दीशी, दादा?" एवढं विचारलंत तर समोरचा हसतो आणि पहिला आकडा जरा शुद्धीवर सांगतो. वयस्कर माणसाला "आबा" म्हणा, आजीला "माय". बाहेरच्या माणसाने ओढूनताणून पूर्ण वाक्यं बोलली की थट्टा होते, ती मनावर घेऊ नका.

ऐनवेळी बाजार रद्द होऊ शकतो का?

होऊ शकतो. 2020 ला कोरोनामुळे यात्रा भरली नाही. 2022 ला लम्पीमुळे राज्यभर गुरांच्या बाजारांवर बंधनं आली. लम्पी गायी-बैलांचा रोग आहे, घोड्यांचा नाही, पण अशा वेळी काय चालू आणि काय बंद हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर असतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी शहादा किंवा दोंडाईचातल्या कुणाला तरी फोन करा. कुणीच ओळखीचं नसेल तर लॉजवाल्याला विचारा. खोली भरली नसेल तर तो खरं सांगतो की नाही, हे तुम्ही ठरवा.